मावशीची दोन मिनिटं

“मावशी, आधी तोंडातल्या टाचण्या काढ, मग भाषण दे! अध्यक्षांना वाटेल, तुझी दाढ दुखतेय.”

भाची स्टुलावर उभी होती. अंगात कुणा गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला झगा, आणि मावशी खाली गुडघ्यांवर बसून त्याच्या घेराला टाचण्या लावत होती. ओठांत टाचण्यांची रांग धरून बोलायची तिची सवय इतकी जुनी, की गल्लीतल्या अर्ध्या बायकांना ती भाषा पाठ झाली होती. नुसतं “हूं” म्हणजे वळा. लांबवलेलं “हूंऽऽ?” म्हणजे कमरेत सैल करू का? टाचण्या डबीत टाकून मोकळ्या तोंडाने बोलायला ती जायची ती फक्त वॉर्डसभेत.

आणि बोलायची काय, तर भुयारी वाटेतल्या दिव्यांबद्दल. मोठ्या रस्त्याखालून पायी जाणाऱ्यांसाठी केलेली ती वाट. शाळा, क्लास, बसथांबा, वॉर्डाचा हॉल, सगळं पलीकडे. तिथले दिवे कधीचे गेले होते. संध्याकाळी मुली छत्री, कंपासपेटी, हाताला लागेल ते मुठीत धरून तिथून पळत सुटायच्या. मावशी दर सभेत उठून तेच विचारी, आणि दर सभेत तिला “नोंद घेतली आहे” असं उत्तर मिळे. ‘दिवेवाल्या बाई’ हे नाव मात्र पक्कं झालं होतं.

“तू का नाही गं नाव देत कधी?” टाचण्या हातात घेत मावशीने विचारलं. हल्ली तिचा आवाज घोगरा, घासल्यासारखा येई.

“मी? तिथे सगळे पेन्शनवाले! खोकण्याची स्पर्धा असते नुसती.”

“मग जरा तरणा खोकला आण की.”

“मावशी!” भाची एवढ्या जोरात हसली की स्टूल डुगडुगलं. घरात तिला भोंगा म्हणत ते उगाच नाही. ती दोन गल्ल्या अलीकडे आली की घरी कळायचं.

“बरं, आज सोबत तरी चल.”

“येते. पण मागे बसणार. आणि बोलणार नाही हं, सांगून ठेवते.”

उद्या मावशीचं ऑपरेशन होतं. भाचीला एवढंच ठाऊक होतं, की घशात गाठ आहे आणि ती काढणार. बाकीचं मावशीला माहीत होतं आणि तिच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला. डॉक्टर सरळ माणूस होता. गाठ स्वरयंत्रातच आहे, म्हणाले, तेच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ताईने तिथल्या तिथे पदर तोंडाला लावला. मावशीने विचारलं, “पुढच्या बुधवारपर्यंत थांबलं तर चालेल? सभा आहे.” डॉक्टरांनी आधी ताईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. म्हणाले, “गुरुवारी सकाळी या.”

तेव्हापासून मावशीने ते भाषण कापड बेतावं तसं बेतलं होतं. इथे कापलं, तिथे दुमडलं, जास्तीचं काढून टाकलं. शेवटचं वाक्य मात्र दिव्यांबद्दल नव्हतं. ‘एवढी वर्षं माझा आवाज ऐकलात, तो जरा लक्षात ठेवा.’ आरशासमोर म्हणतानाही तिला लाजल्यासारखं व्हायचं. पण म्हणायचंच, असं तिने ठरवलं होतं.

वॉर्डाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट भणभणत होत्या. खुर्च्या निम्म्याहून जास्त रिकाम्या, आणि भरलेल्यांवर खरोखर खोकणारी मंडळी. भाचीने मावशीला कोपर मारलं, “बघ, स्पर्धा सुरू झाली.” सभेच्या कारकुनाने नेहमीचा नियम सांगितला. ज्याने आधी नाव दिलंय त्यालाच दोन मिनिटं. ती दुसऱ्याला द्यायची तर ज्याची वेळ त्याने स्वतः माइकवर तसं सांगायचं. मग त्या सभेत त्याला बोलता यायचं नाही.

मावशीचं नाव पुकारलं गेलं.

“या, दिवेवाल्या बाई,” अध्यक्ष हसून म्हणाले. तसा माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. “रागावू नका, पण एक विचारू? दरवेळी तुम्हीच येता. तुमचं तर दुकानही घराच्याच बाजूला आहे. ज्या मुली तिथून येतात-जातात, त्यांची तर काही तक्रार दिसत नाही. एक तरी आली का आजवर?”

मावशी माइकपाशी पोचली होती. उत्तर तिच्याकडे तयार होतं. तेवढ्यात मागून, ओठातल्या ओठात पण भोंग्याच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, “मी जाते ना तिथून! रोज जाते!”

सगळ्यांनी माना वळवल्या. भाचीने जीभ चावली आणि खुर्चीत खाली सरकली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग माइककडे. घशात गाठ होती आणि गाठीच्या मागे ते सगळं भाषण, इस्त्री करून ठेवलेलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे नजर टाकली.

“माझी वेळ,” मावशी म्हणाली, “मी माझ्या भाचीला देते.”

आणि बाजूला झाली.

“वेडी आहेस का?” भाची कुजबुजत, अडखळत पुढे आली. “मला येत नाही गं! मी काय बोलू?”

मावशीने तिचा खांदा दाबला आणि तिच्या जागेवर जाऊन बसली.

“मी... नमस्कार. मी रोज तिथून जाते. क्लास सुटला की.” माइक किंचाळला, तशी ती दचकली. “मला घरी भोंगा म्हणतात. कारण मी मोठमोठ्याने गाणी म्हणत येते. पण मला गाणं आवडतं म्हणून नाही म्हणत. तिथे आत काही दिसत नाही. आवाज केला की वाटतं, कुणी असेल तर जाईल. मग ती सवयच लागली. घरी पोचेपर्यंत बंदच होत नाही.”

खोकणं थांबलं होतं.

“माझ्या वर्गातल्या एकीने क्लासच सोडला. गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. तिला गाता येत नाही. झालं एवढंच.”

मावशी मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. त्या गाण्यांवरून इतकी वर्षं तिनेच या पोरीची सगळ्यांत जास्त चेष्टा केली होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. पुढच्या सभेला वीज विभागाच्या माणसाला बोलावतो म्हणाले. “तुम्ही याल?”

“येईन. मैत्रिणींना पण ओढून आणीन.”

कारकुनाने तिचं नाव लिहून घेतलं.

येताना भाचीचे पाय जमिनीवर नव्हते. “त्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या, बघितलंस? आणि माइक किती ओरडतो!” भुयारी वाटेतला काळोख आला, तरी तिला गाणं आठवलं नाही. ती बोलतच राहिली. मधेच एकदम थांबली. “मावशी, मी तुझी दोन मिनिटं खाल्ली. पुढच्या सभेत माझी तुला. चालेल?”

“चालेल.”

“आज तू काय बोलणार होतीस?”

“तेच गं. दिव्यांचं.”

सकाळी हॉस्पिटलात ताई औषधं आणायला खाली गेली. मावशी पलंगाच्या काठावर बसली होती. नर्स आली, उभ्या उभ्या फाइल उघडत म्हणाली, “पूर्ण नाव?”

मावशीने सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. एकेक अक्षर सुटं करून, होतं नव्हतं ते सगळं बळ लावून, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने.

“अहो, हळू! पलीकडे पेशंट झोपलेत,” म्हणत नर्सने पान उलटलं. कसलं ऑपरेशन ते वाचलं. तिचं पेन हवेतच राहिलं.

मग तिने फाइल मिटली, स्टूल पुढे ओढलं आणि मावशीसमोर बसली.

“पुन्हा सांगा, मावशी,” ती म्हणाली. “मला नीट ऐकू नाही आलं.”