अर्ध्या डोक्याचा प्रयोग

माणसाच्या ऱ्हासाची सुरुवात डोक्यापासून होते आणि डोक्याच्या ऱ्हासाची सुरुवात कोंड्यापासून, हा सिद्धांत एकनाथ खैरनारने मोठ्याने मांडला, तेव्हा तो बोईसरच्या आपल्या बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर मान डावीकडे कलती करून बसला होता. ऐकायला बादली होती. डोक्याच्या डाव्या अर्ध्याला औषधी शाम्पूचा फेस होता, उजव्या अर्ध्याला नव्हता, आणि फेसाने भांगाची हद्द ओलांडू नये म्हणून मान अशीच पाच मिनिटं धरायची होती. तिसऱ्या मिनिटाला दर वेळी कळ येई.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं होता. तिथला नियम असा, की तुलनेला दुसरा नमुना ठेवल्याशिवाय कुठल्याही निकालावर सही करायची नाही. हा नियम एकनाथच्या अंगात इतका मुरला होता की भाजीत मीठ वाढवायचं झालं तरी तो आधी वाटीभर भाजी बाजूला काढून ठेवी. घरात खाणारा तो एकटाच असल्यामुळे दोन्ही नमुने शेवटी त्यालाच संपवावे लागत.

त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र त्याचा सिद्धांत दोन मिनिटांत निकालात काढला होता. कोंड्याने केस मुळातून जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कोंड्याने खाज सुटते, माणूस खाजवतो, त्याने केस तुटतात. कोंडा आटोक्यात आला, खाजवणं थांबलं, की तेवढं नुकसान थांबेल. मग त्यांनी एकनाथच्या वडिलांची चौकशी केली. वडील धुळ्याला असतात आणि कायम टोपी घालतात, असं एकनाथने सांगितलं.

"आणि टोपीखाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोपीखाली काही नाही."

डॉक्टरांनी मान हलवून शाम्पू लिहून दिला. पण केवळ कोणी सांगितलं म्हणून मान्य करणं हे एकनाथच्या पेशात बसत नव्हतं. त्याने सहा आठवड्यांचा प्रयोग आखला. आठवड्यातून दोनदा डाव्या बाजूला शाम्पू, उजव्या बाजूला नुसतं पाणी. खाजवणं दोन्हीकडे बंद. त्यासाठी नखं कापली. रोज सकाळी आधी डावी बाजू एका पांढऱ्या कागदावर विंचरायची, मग उजवी दुसऱ्या कागदावर, पडलेले केस मोजायचे, वहीत लिहायचे आणि तारीख घातलेल्या पुड्यांत ठेवून द्यायचे.

हा सगळा खटाटोप एका फोटोमुळे सुरू झाला होता. पालघरला राहणाऱ्या त्याच्या चुलतबहिणीने, पुष्पलताताईने, त्याच्यासाठी स्थळ काढलं होतं. एकनाथची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ज्ञानेश्वरीबाई सफाळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत शिकवत. त्यांचेही यजमान वारले होते. ताईने परस्पर फोटो पाठवून दिला, तो आठ वर्षांपूर्वीचा, घिवलीच्या किनाऱ्यावरचा. त्यात वाऱ्याने एकनाथचे केस उडत होते, म्हणजे उडण्याइतके होते. शाळेच्या परीक्षांमुळे भेट दीड महिन्याने ठरली. तेवढ्या अवधीत फोटोतला माणूस निदान ओळखू येण्याइतका शिल्लक राहावा, एवढीच एकनाथची अपेक्षा होती. सहा वर्षांत त्याने दुसरी कुठली अपेक्षा केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात फरक दिसू लागला. डावा खांदा स्वच्छ, उजव्यावर पांढरा भुगा. कंपनीत तीनशे माणसं होती. कॅन्टीनमध्ये त्याच्या समोरच्याच खुर्चीवर दर्पण नावाचा तरुण अधिकारी रोज जेवायला बसे आणि क्रिकेटबद्दल बोले. कोणी काही म्हणालं नाही. एकनाथने याचा अर्थ लोक सभ्य आहेत असा लावला. पाचव्या आठवड्यात तो अर्थ टिकेना, तेव्हा त्याने अर्थ लावणं सोडून दिलं.

लक्षात आलं ते एकट्या साखरबाईच्या. ती मुरब्याहून मासळीची पाटी घेऊन आठवड्यातून दोनदा कॉलनीत येई. पायरीवर बसून बोंबील साफ करता करता तिने वर पाहिलं.

"भाऊ, तुमाला एकाच अंगानं खारवलंय काय?"

"म्हणजे?"

"त्या खांद्याव मीठ हाय, या खांद्याव नाय."

एकनाथने तिला सगळा प्रयोग समजावून सांगितला, तुलनेच्या नमुन्यासकट. सहा वर्षांत तो कोणाशी इतकं सलग बोलला नव्हता. साखरबाईने शेवटचा बोंबील साफ होईपर्यंत ऐकून घेतलं.

"एका अंगानं खारवलेलं टिकत नाय," ती म्हणाली. "दोन्ही अंगानं चोळा."

"अजून दोन आठवडे थांबावं लागेल."

"थांबा की. तवर कोन बघतंय तुमाला."

तिने हे दिलासा म्हणून म्हटलं होतं. एकनाथने एक वाटा जास्त घेतला.

भेट शनिवारी होती आणि प्रयोग रविवारी सकाळी संपत होता. एका दिवसासाठी उजवी बाजू धुऊन एक्केचाळीस दिवसांची मेहनत पाण्यात घालायची की नाही, यावर त्याने शुक्रवारची संध्याकाळ घालवली. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. आपण आधी पोचायचं आणि खुर्ची अशी धरायची की बाईंना आपली डावी बाजू दिसेल. ताईने वाढदिवसाला दिलेला गडद निळा शर्टच घालण्याची ताकीद होती, त्याला इलाज नव्हता.

मोटरसायकलवरून तो सफाळ्याच्या बाजारातल्या हॉटेलात वीस मिनिटं आधी पोचला. ज्ञानेश्वरीबाई पंचवीस मिनिटं आधी येऊन बसल्या होत्या. भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर एकच जागा मोकळी होती, आणि ती त्यांच्या डाव्या हाताला होती. एकनाथची उजवी बाजू अख्खीच्या अख्खी त्यांच्याकडे आली.

पहिला चहा शाळेतल्या पटसंख्येवर गेला, दुसरा बोईसरच्या हवेवर. बाई शांत होत्या, बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत. एकनाथला ते इतकं नवीन होतं की दोनदा त्याला वाक्य पुरं कसं करायचं ते सुचलं नाही. एकदा तर त्या हसल्या. त्याने त्यांना वाटीभर बाजूला काढलेल्या भाजीची गोष्ट सांगितली होती.

मग त्यांनी कप बाजूला सरकवला.

"एक सांगायचं होतं. माझ्या सासूबाई माझ्याकडेच असतात. त्यांना धरून उठवावं लागतं, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात त्यांना चालत नाही. त्यांना सोडून मला कुठे येता येणार नाही आणि त्या घरात दुसऱ्या कोणाला आणताही येणार नाही."

"बरोबर आहे," एकनाथ म्हणाला.

"फोनवर सांगता आलं असतं. पण ते बरं दिसलं नसतं."

"बरोबर आहे."

दोघं उठले. दाराशी आल्यावर ज्ञानेश्वरीबाईंचा हात सहज वर आला आणि त्यांनी एकनाथचा उजवा खांदा झटकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कॉलरखालून, शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत पोरांचे खडूने माखलेले गणवेश झटकतात तसा. मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन त्यांनी हात मागे घेतला.

"सवय," त्या म्हणाल्या.

एकनाथ हलला नाही. हेल्मेट हातात तसंच होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने दीड महिना मनात धरलेलं विचारून टाकलं.

"मी फोटोसारखा दिसत नाही, म्हणून तर नाही ना?"

"फोटो?" त्यांनी आठवून पाहिलं. "तो उघडलाच नाही हो. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती."

रविवारी सकाळी त्याने शेवटचे दोन कागद मोजले, पुड्यांवर तारीख घातली आणि बेरीज मांडली. मग तो आंघोळीला गेला. प्रयोग संपलेला होता. आता डोक्याच्या दोन्ही बाजू धुवायला कोणाची हरकत नव्हती. तो स्टुलावर बसला, मान डावीकडे कलती केली, डाव्या बाजूला फेस लावला आणि पाच मिनिटं मोजली. उजव्या बाजूला त्याने हात लावला नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून ती फळीवर ठेवून दिली.

वही बाहेर टेबलावर उघडी होती. सहा आठवड्यांत डावीकडचे चारशे बारा केस गेले होते, उजवीकडचे चारशे नऊ.