छकुलीच्या श्वासाचा वास

साचेवाल्याच्या घरासमोर सकाळी सातपासून रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण नाक वर करून उभा होता. दारातून आत गेलं की उजव्या हाताला खाट, खाटेवर साचेवाल्याची अकरा वर्षांची छकुली आणि तिच्या उशाशी स्टुलावर बाबा. माणसं पोरीच्या तोंडाजवळ वाकायची, वास घ्यायची आणि डोळे पुसत बाहेर पडायची. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. कुठून कुठून भटकत आलेल्या बाबाने तो दोन दिवसांपूर्वी हेरला होता आणि तेव्हापासून त्याचा मुक्काम तिथेच होता.

"बघा," बाबा सांगत होता, "पोर जेवत नाही. अंगातला जडपणा गळत चाललाय. सारखं पाणी मागते. आत ज्योत पेटली की तहान लागणारच! साखरपाणी पाजा तिला. आणि श्वास बघा कसा खोल लागलाय. तुमच्याआमच्यासारखा उथळ नाही."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. थापाड्यांना उघडं पाडायची मला खाज आहे आणि ती साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. मी आत गेलो तशी माणसं बाजूला झाली. छकुली माझ्याच शाळेतली. "सर, पाणी," ती म्हणाली. मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिला दिलं. तिने ते एका दमात संपवलं आणि पेला पुन्हा पुढे केला. मी मात्र वाकून वास घेण्यात गुंतलो होतो. आधी फळासारखा आणि त्याच्या आडून नाकाला झोंबणारा. ॲसिटोन! माझी खात्रीच पटली.

आमच्या वस्तीतले निम्मे पुरुष फायबरच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात आहेत. हाताला चिकटलेलं रेझिन साबणाने निघत नाही, म्हणून काम संपलं की सगळे ॲसिटोनच्या डब्यात हात बुचकळतात. साचेवाला तर पंधरा वर्षं दिवसभर ॲसिटोननेच टाक्यांचे साचे पुसत होता. या एका वासापुरतं त्याचं नाक मेलेलं होतं. सगळ्या जगाला येणारा आपल्या पोरीचा सुगंध त्याला एकट्याला येत नव्हता.

"बाबा, मलाच का येत नाही?" त्याने माझ्यासमोर विचारलं. एवढा दांडगा माणूस, पण आवाज रडवेला झाला होता.

"मनावर पापाचं झाकण आहे तुझ्या," बाबा म्हणाला. "रोज इथे बसून एकेक पाप कबूल कर. आणि पोरीला उंबऱ्याबाहेर काढू नकोस. काढलीस, तर झाकण कायमचं बसलं म्हणून समज."

छकुलीची आई मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच म्हणाली, "मास्तर, हिला डॉक्टरला दाखवूया म्हणते मी. हे ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"वहिनी, उद्याच या बाबाचं पितळ उघडं पाडतो. मग सगळे आपसूक ऐकतील," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच चीड येते.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमवून मी व्याख्यानच दिलं. "गॅसच्या टाकीत प्रोपेन असतो. तीन कार्बनची साखळी आणि भोवती हायड्रोजन. म्हणून त्याला हायड्रोकार्बन म्हणायचं. मधल्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून तिथे एक ऑक्सिजन बसवा, झालं ॲसिटोन! टोकाचा एकच हायड्रोजन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लावली असती, तर अल्कोहोल झालं असतं. साखळी तीच, पण तिला चिकटलेला गट बदलला की गुण बदलतो, वास बदलतो. यात चमत्कार कसला? तुमच्याच कारखान्यातल्या डब्यातलं ॲसिटोन या बाबाने पोरीच्या उशीला चोपडलंय!"

बाबा हसला. "शोधा की मास्तर. मी बाहेर उभा राहतो, हात वर करून."

छकुलीला न्हाऊ घातलं. माझ्या घरून आणलेले धुतलेले कपडे, चादर, उशी, सगळं बदललं. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. बाबा तासभर अंगणात हात वर करून उभा होता. मग आम्ही पाच जण आत गेलो. वास होताच, उलट कालच्यापेक्षा जास्त. छकुली डोळे अर्धवट मिटून पडली होती आणि पळून आल्यासारखी खोल खोल श्वास घेत होती.

"काय मास्तर," कारखान्यातला रंगारी ओरडला, "आता ऑक्सिजन कुठे बसवायचा?"

अंगणात हशा पिकला. मी सपशेल तोंडावर आपटलो होतो. त्या दुपारी रांग दुप्पट झाली, आणि ती दुप्पट केली मी.

तिथून मी तडक ताईकडे गेलो. माझी थोरली बहीण नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स आहे. ती पट्ट्या गुंडाळत होती. मी तणतणत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"तहान लागते म्हणालास? बारीक झालीये?"

"हो. बाबा म्हणतो..."

"खड्ड्यात गेला तुझा बाबा! वास कुठून येतो हे दोन दिवस शोधलंस, पण पोरीला काय होतंय हे एकदा तरी विचारलंस? अरे, डायबेटिस आहे तो!"

आम्ही धावत निघालो. साचेवाला दारात आडवा उभा राहिला. ताईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोरीत नेऊन तिने छकुलीच्या लघवीत ॲसिटोनच्या जातीची द्रव्यं ओळखणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टी गर्द जांभळी झाली. आईने पोरीला उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "सरका. नाहीतर मला मारून टाका." तो सरकला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. छकुलीच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हतं. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर कितीही असो, शरीराला ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळतं. त्यातून आम्लं तयार होतात, आणि त्यांतल्याच एकाचं विघटन होऊन ॲसिटोन तयार होतं. ते श्वासातून बाहेर पडतं. जीव घेतात ती रक्तात साचलेली आम्लं. ॲसिटोन नुसती वर्दी देतं. आणि ही वर्दी ऐकून आम्ही पोरीला साखरपाणी पाजत होतो.

म्हणजे मी ओळखलेला पदार्थ बरोबर होता. पण तो बाबाच्या मुठीत असणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. बाबाने काहीच लावलं नव्हतं. मरायला टेकलेल्या पोरीच्या आजाराला त्याने देवाचं नाव दिलं आणि लोकांना रांगेत उभं केलं, एवढीच त्याची जादू. तिला इस्पितळात नेलं तेव्हाच तो पसार झाला. आजतागायत सापडलेला नाही.

छकुली तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात साचेवाल्याने माझा दंड घट्ट धरला. "मास्तर, खरं सांगा. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीच आणली असती तर?"

धीर द्यायला खोटं बोलता आलं असतं. पण त्या घरात खोटं पुरेसं बोलून झालं होतं.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेक वाचली असती."

"मला वास येत नव्हता हो," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच पाप."

"पाप नाही. पंधरा वर्षं त्या डब्यात हात घातलेत तुम्ही. नाकाला सवय झाली, बाकी काही नाही. आणि मला येत होता. ओळखलाही होता. तरी मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही, भाषण करत बसलो."

त्याने माझा दंड सोडला नाही, आणि आम्ही तसेच उभे राहिलो.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्याला हात जोडून एवढंच सांगतो: माणसाच्या अंगात काही अचाट दिसलं, तर चमत्कार की लबाडी हा वाद मागाहून घाला. आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, दुसऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेता तशी आपल्या खात्रीवरही घ्या. मी ती घेतली असती, तर आज ती पोर सातवीच्या वर्गात बसली असती.