गळ्यातली सोजर

"धरा तिला! निघाली बघा आडाकडं!" बजाबाई किंचाळली, तशी शेजारणींनी तिच्या सुनेला, सारजाला, दंडाला धरून मागं ओढलं. सारजा घामानं निथळत होती. आणि तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या टाकात बसलेली सोजर चरफडली, "झालं! परत मागं!"

आता ही सोजर कोण, तर सारजाच्या नवऱ्याची, रावजीची, पहिली बायको. मेलेली! इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ लावला ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट, आपल्या शुक्रवार पेठेतली. पहिली मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की पहिलीचा टाक घडवून दुसरीच्या गळ्यात घालायचा. म्हणजे सवत शांत राहते म्हणे. पण सोजर कसली शांत राहते? गिरणीच्या रिळिंग खात्यात मुकादमाला गप्प बसवणारी बाई ती!

तिला रावजीला एवढंच सांगायचं होतं, की मी जीव दिलेला नाही.

झालं होतं असं, की तिच्या हातून पोहरा आडात पडला. पुन्हा एकदा. रावजी गिरणीतनं दमून आलेला, बोलून गेला, "पोहऱ्याबरुबर तू बी जा की आडात!" सोजरला राग आला आणि हसूही आलं. सकाळी भोंगा व्हायच्या आत पोहरा काढते आणि याच्या पुढ्यात आपटते, असं म्हणून ती दोराला लोखंडी गळ बांधून आडावर गेली. पोहरा गळाला लागला. तिनं वाकून जोर लावला, आणि काठाचा दगड पायाखालून सुटला. माणसांनी तिला वर काढलं, गळ तळाशीच राहिला. बाई गेल्यावर गळ कोण शोधतंय?

रावजीनं मात्र धरून ठेवलं, मी बोललो म्हणून ती गेली. आईनं हट्टानं सारजा करून आणली, पण तिच्याशी तो धड बोलेना. भिंतीकडं तोंड करून जेवायचा. सोजर हे सगळं सारजाच्या गळ्यातनं बघायची आणि मेलेली असूनही तिचा जीव तुटायचा.

म्हणून ती सारजाच्या अंगात यायची. वाचा फुटायची नाही, पाय तेवढे तिच्या ताब्यात. आणि पाय आडाकडं वळले, की लोक म्हणायचे सवत न्यायला आली! बजाबाई लगेच हिरवं लुगडं, नारळ, कोंबडं. सोजर वैतागायची, "लुगडं काय करू, आत्याबाई? आडात बघा की!"

आज रावजीनंही ठरवलं. "आई, उद्या सुट्टी हाय. गाडीभर दगडं आणतो. आड बुजवूनच टाकतो."

सोजरचं काळीज हललं. आड बुजला की गळ गेला. मग हा माणूस जन्मभर स्वतःला खुनी समजणार!

दुसऱ्या दिवशी दारात दगडांची गाडी रिकामी होत होती, तेवढ्यात सारजा एकटीच परसात आडापाशी आली. तिनं टाक मुठीत धरला. "बाई, खरं सांगा. परवा कुणी बघत नव्हतं, तवा तुमी मला काठापतूर नेलंत. ढकलायचं असतं तर ढकललं असतं की. तुमी मला बसवलंत आन् आत बघाया लावलंत. काय हाय आत?"

टाक निखाऱ्यासारखा तापला.

"व्हय? मग काढतेच," सारजा म्हणाली.

शेजारच्या चंद्रव्वाचा गळ मागून आणून सारजानं आडात सोडला. रावजी धावत आला. "सारजे, मागं हो! आई, धर तिला!"

"हात लावाल तर बघा!" सारजा फिरून म्हणाली. "आज टाकातल्या बाईंनी आणलं न्हाय. माझ्या पायानं आलिया मी. बघत काय हुबं र्‍हायलाय, वढा की!"

त्यानं ओढलं. शेवाळानं माखलेला पोहरा वर आला, आणि त्याच्या कडीत अडकलेला दुसरा गळ. रावजीनं स्वतः गिरणीच्या फिटर खात्यात वाकवलेला.

"आपला गळ! आत कसा गेला गं बाई?" बजाबाई म्हणाली.

रावजी तो गळ घेऊन खाली बसला. "आई... मराया निघालेली बाई गळ कशाला नील? पोहरा काढत हुती गं ती." गळाच्या गंजलेल्या नख्यांवरून त्यानं बोट फिरवलं. "सोजर," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. ती गेल्यापासून तिचं नाव त्यानं घेतलंच नव्हतं.

सारजाचा हात त्याच्या पाठीवर गेला. सोजरला वाटलं, मी हलवला का? नाही. सारजाचा हात सारजानंच ठेवला होता.

डोळे पुसून रावजी उठला. बुजवायला आणलेल्या ढिगातला एक चांगला दगड निवडून त्यानं काठाच्या रिकाम्या खोबणीत बसवला. सारजा चुना कालवायला बसली.

"खाली दगडाची चीप घाल, डुगडुगतोय तो," सोजर म्हणाली. सारजाला ऐकू गेलं नाही, तिचा हात टाकाकडं गेला नाही. सोजरनं आणखी जोर लावून पाहिला. टाक गार तो गारच.

रावजीनं दगड हलवून बघितला, आपणच एक चीप शोधली आणि खाली ठोकली.