नाल्यावरचे पंजे

मोहफुलांच्या दिवसांत पोंभुर्ण्याच्या बाजूच्या त्या गावातल्या बायका मुखरू नाला पाहून आल्याशिवाय जंगलात पाय टाकत नसत. नाल्याच्या वाळूत वाघाचा पंजा ताजा आहे की रात्रीचा, हे तो वाकून सांगायचा. बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. डोळा होताच त्याच्याकडे, ते नाकारून चालणार नाही.

पण आठवडी बाजारामागे त्याला झंडीमुंडीच्या जुगाराचा पट दिसला आणि माणूस बिघडला. सहा फासे, सहा चित्रं. झेंडा चार डाव आला नाही की पाचव्याला येणारच, असा त्याने नियम बसवला. तीन वेळा झेंडा आलाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय! पण गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "जो वाघ वाचते, त्याले फासे काय भारी?" असं तो चावडीवर सांगू लागला.

त्या दिवशी बाजार होता. पहाटे बायका टोपल्या घेऊन अंगणात आल्या, तेव्हा मुखरू अंथरुणातच आजच्या डावांचा विचार करत होता. वाघ सलग तीन दिवस नाल्यावरून गेला होता. चौथ्या दिवशी कशाला येतो?

"जा बिनघोर," तो आतूनच म्हणाला.

त्याची बायको आशाबाई सगळ्यांच्या पुढे निघाली.

ऊन चढल्यावर तो बाजाराला निघाला. वाटेत नाला लागला. वाळूत बायकांची पावलं होती. आशाबाईच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती, तिचं पाऊल तो हजारात ओळखायचा. त्या पावलाच्या टाचेवर वाघाचा पंजा उमटला होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. वाघ बायकांच्या मागे गेला होता.

मुखरू धावला. आयुष्यात इतका घाबरला नव्हता तो.

मोहाखाली साऱ्या बायका हसत-बोलत फुलं वेचत होत्या. आशाबाईही होती. तिला पाहून तो खालीच बसला.

"मुखरूभाऊ, तुमचा शब्द म्हंजे पक्का!" म्हातारी रुखमाबाई म्हणाली. "वाघाचं नखबी नाई दिसलं."

गप्प बसला असता तर त्याचा मान वाढलाच असता. त्याच्या मनात ते आलंही.

"तो तुमच्या मागं होता," तो म्हणाला. "घराकडं चला साऱ्याजणी."

आशाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी सकाळी नाला पाह्यला होता ना?"

"नाई. अंदाजानं सांगतलं."

अर्ध्या भरलेल्या टोपल्या उचलून बायका एकमेकींना धरून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुखरू अंधारातच उठला आणि नाल्यावर पोचला. आशाबाई त्याच्याआधीच तिथे होती. गुडघ्यांवर बसून वाळूवरून नजर फिरवत होती. थोड्या वेळाने बायका आल्या, त्याच्या शेजारून पुढे गेल्या आणि त्यांनी आशाबाईला विचारलं, "जाऊ का वं?"