मनगटाजोगे यंत्र

आमच्या घराच्या मागील अंगणाचे दार ज्या दिवशी कुलूपबंद झाले, त्या दिवशी माझ्या पत्नीच्या उजव्या मनगटावरील प्लास्टर अद्याप पुरते वाळलेही नव्हते. कुलूप माझ्या थोरल्या बहिणीने आणले, तिनेच लावले आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली. त्या चेनच्या आवाजाबरोबर विषय संपला, असे तिच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते.

"झालं तेवढं पुरे," ताई म्हणाली. "हाडं म्हणजे काय चहाचे कप आहेत, फुटले की नवे आणायला?"

येथे वाचकांस हे सांगणे अगत्याचे आहे की, माझी पत्नी वेताच्या खुर्च्या विणते. मी स्वतः पुस्तकबांधणीचे काम करतो; परंतु आमच्या घराची खरी ओळख तिच्या खुर्च्यांमुळेच आहे. फाटलेली बैठक घेऊन माणसे येतात आणि ताणलेली, चाळणीसारखी सुबक बैठक घेऊन जातात. वेत विणण्यापूर्वी पाण्यात भिजवावा लागतो, म्हणजे तो वाकतो. कोरडा वेत वाकण्याऐवजी मोडतो. सबब अंगणात पाण्याचे टब नेहमी भरलेले असत, त्यांतील पाणी फरशीवर सांडत असे, आणि ज्या फरशीवर ऊन क्वचितच उतरते तिच्यावर शेवाळाने हिरवे राज्य स्थापन केले होते. त्या राज्यात एके सकाळी ती एक खुर्ची उचलून चालली असता तिचा पाय घसरला. खुर्ची तिने वर धरली आणि स्वतः खाली आली. दवाखान्यात हात बांधून घेतानासुद्धा ती डॉक्टरांना अभिमानाने सांगत होती, "खुर्चीला ओरखडाही नाही बरं का!"

प्लास्टर निघाले, पण मनगटातील जोर पूर्वीसारखा परतला नाही. तरीही ती पुढील खोलीत बसून विणू लागली. पंख्याच्या वाऱ्याने वेत हातातल्या हातात वाळे आणि कडकन तुटे. प्रत्येक वेळी ती त्या तुटक्या पट्टीकडे पाही, मग बंद दाराकडे पाही, आणि दुसरी पट्टी घेई.

"वन्सं, वेत घरात टिकत नाही," तिने एकदा ताईला सांगून पाहिले.

"मग सोड ना तो वेत! माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. दोघं या राहायला. फरशी कोरडी, जिन्याला कठडा, वर मी आहेच लक्ष ठेवायला."

"तेच तर," पत्नी इतक्या हळू म्हणाली की ते केवळ मलाच ऐकू आले.

मी शेवाळ काढण्याचा यत्न केला नाही असे नाही. ताईकडून एका रविवारपुरती किल्ली मागून तारेच्या ब्रशने घासले. गुडघे सोलले, शेवाळ तसेच. ब्लीचिंग पावडर टाकली, तर तिच्या वाफेने अंगणातल्या छपराखाली टांगलेल्या वेतावर पिवळे डाग पडले. अखेर पत्नी म्हणाली, "अहो, ते दाबानं पाणी मारायचं यंत्र मिळतं म्हणे. प्रेशर वॉशर. ते बघा. मला अंगण हवंय."

ही वार्ता ताईच्या कानी पोचली, आणि तिने तत्काळ ती मोहीम आपल्या हाती घेतली.

आमच्या कुटुंबात कोणतीही वस्तू एक माप मोठी घेण्याची रीत आहे. आई-वडील लवकर गेले. ताईने आम्हा भावंडांना वाढवले. आणि वाढत्या पोरांना मापाचे कपडे घेणे म्हणजे मूर्खपणा, हे तत्त्व तिच्या हाडीमाशी खिळले. शाळेत माझ्या सदऱ्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येत. पुढे परिस्थिती सुधारली, पण तत्त्व सुधारले नाही. आमच्या लग्नात तिने दिलेले कपाट दारातून आत येईना, तेव्हा सुताराला बोलावून त्याचे पाय कापावे लागले. ते आजही भिंतीशी गुडघे टेकल्यासारखे उभे आहे.

"यंत्र घ्यायचं तर दणकट घ्यायचं," ताई म्हणाली. "आधी ट्रायल घेऊ."

दुसऱ्याच दिवशी तिने कोपऱ्यावरच्या गाड्या धुणाऱ्याकडून त्याचे यंत्र मागून आणले. ट्रकच्या चाकांतील चिखल उडवणारे ते धूड अंगणात उभे राहिले, तेव्हा टब त्याच्यापुढे वाट्यांसारखे दिसू लागले. पत्नीला तिने आतच थांबायला लावले. "शिंतोडे उडतील, घसरशील," असे म्हणून बाहेरून कडी घातली. नळीच्या टोकाला लावायची तोंडे एका डब्यात होती. त्यांपैकी सर्वांत बारीक तोंड ताईने निवडले, कारण ते सर्वांत जोरकस आहे असे धुणाऱ्याने तिला सांगितले होते. हे तोंड कशासाठी वापरू नये, हेही तो सांगू लागला होता. परंतु तेवढा वेळ ताईला नव्हता.

यंत्र गर्जले. फरशीवर एक लखलखीत पांढरी रेघ उमटली. ताईचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला.

"बघ! बघ कसं निघतंय!"

शेवाळ निघत होते, हे खरे. पण त्यासोबत फरशांच्या सांध्यांतील सिमेंटही निघत होते, आणि त्याचे खडे माझ्या नडग्यांवर ताडताड आदळत होते. मी ओरडलो. यंत्राच्या गर्जनेत माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही. आत पत्नी खिडकीच्या काचेवर हात आपटू लागली. ताईला वाटले, ती शाबासकी देते आहे. म्हणून तिने उलट हात हलवला आणि दुप्पट उत्साहाने वळली.

छपराखाली एक आरामखुर्ची होती. एका निवृत्त पोस्टमनची. हात मोडल्यानंतर पत्नीने विणून पुरी केलेली ती पहिली खुर्ची; लाकडाचे पॉलिश वाळावे म्हणून, ताईने त्या सकाळी कुलूप काढताच, मीच ती तेथे ठेवली होती. तिच्या पायांना थोडी धूळ होती. ताईच्या मनात उपकाराशिवाय दुसरे काहीही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तिने धूळ उडवण्यासाठी नळीच्या टोकाची पाण्याची बंदूक त्या पायांकडे वळवली, झटक्याने टोक वर उसळले, आणि बैठकीतून पाणी आरपार गेले. कागद फाटावा तशी ती वीण फाटली. तुटकी टोके चहूबाजूंनी उभी राहिली.

ताईने यंत्र बंद केले. बैठकीतून पाणी ठिबकत होते.

"दार उघडा," खिडकीतून पत्नी म्हणाली.

"अगं, मी तर स्वच्छ करायला म्हणून..."

"दार."

मी कडी काढली. चौकट धरून ती बाहेर आली. मला वाटले, ती खुर्चीकडे जाईल आणि रडेल. तिने खुर्चीकडे पाहिलेदेखील नाही. तिने एका फरशीवर पायाच्या अंगठ्याने भार दिला. फरशी डुगडुगली. दुसरीवर दिला. तीही हलली.

"शेवाळावरून एकदा पडले," ती म्हणाली. "आता ह्यांच्यावरून रोज पडेन. किल्ली द्या, वन्सं."

"कशाला?"

"दार माझं आहे म्हणून."

ताईने माझ्याकडे पाहिले. ज्या दृष्टीसमोर मी आयुष्यभर लांब बाह्यांचे सदरे निमूटपणे घातले, तीच ती दृष्टी. तथापि या वेळी मी म्हणालो,

"दे ताई."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा. दे."

पर्सची चेन उघडली. किल्ली माझ्या हातावर नव्हे, तर पत्नीच्या हातावर पडली, कारण मी हात पुढे केलाच नव्हता.

यंत्रांच्या दुकानात आम्ही तिघेही गेलो. रागावलेली असली तरी, खरेदी आपल्याविना होणे ताईला असह्य होते. दुकानदार उमदा आणि बोलघेवडा होता. त्याने पत्नीला ओलांडून थेट मला विचारले, "साहेब, गाडी कुठली आहे आपली?"

"गाडी नाही," पत्नी म्हणाली. "अंगण आहे. आणि यंत्र मी चालवणार आहे."

"असं होय! मग मावशी, हे घ्या. भिंत सोलून काढील!"

"भिंत सोलायची नाही हो. शेवाळ काढायचंय. आमच्या नळाला पाण्याची धार दोऱ्याएवढी येते. टबातलं पाणी खेचून घेतं का हे?"

दुकानदाराने डोके खाजवले आणि ते यंत्र मागे सरकवले. दुसरे काढले. त्याची बंदूक पत्नीने हातात घेतली, खटका दाबून धरला, आणि आम्ही सर्वांनी पाहिले की तिचे मनगट थरथरू लागले आहे. बंदुकीचे टोक हळूहळू खाली झुकले. तिने दात आवळून ते वर उचलले. ते पुन्हा झुकले.

"बघ, मी काय सांगत होते!" ताई म्हणाली. तिच्या स्वरात आनंद नव्हता, भीती होती.

मला ते दृश्य पाहवेना. मी म्हणालो, "हेच घेऊ. मी धुवीन ना. तुला हात लावावाच लागणार नाही."

पत्नी माझ्याकडे वळली. ताईवरही ती अशी कधी चिडली नव्हती.

"तुम्ही धुवाल, म्हणजे तुम्हाला सवड होईल तेव्हा. तोवर मी काय करू, खिडकीत बसू? कुलूप काढलंत आणि आता स्वतः दारात उभे राहताय का?"

दुकानदार एकाएकी खोकी पुसण्यात गर्क झाला.

तिने खालच्या फळीवरच्या एका लहानशा यंत्राकडे बोट दाखवले. दुकानदार म्हणाला, "ते बाल्कनीसाठी असतं मावशी. कुंड्या, जाळ्या, तेवढंच." त्याची बंदूक हलकी होती. खटका एकदा दाबला की एका बोटाने अडकवून ठेवता येई, आणि डाव्या हातातही ती सहज राही. तोंड रुंद, पाणी पंख्यासारखे पसरणारे.

"ही काय गुलाबदाणी आहे?" ताई उसळली. "अंगण धुणार का पाहुण्यांवर शिंपडणार?"

"चालवून दाखवा," पत्नी म्हणाली.

दुकानामागच्या गल्लीत एक पायरी होती. तिच्यावर तेलाचा आणि धुळीचा काळा थर चढला होता. बादलीत नळी सोडली. पत्नीने डाव्या हातात बंदूक धरली, टोक पायरीपासून वीतभर अंतरावर आणले, आणि रंगारी कुंचला फिरवतो तशी सावकाश ते फिरवू लागली. रेघ लखलखीत झाली नाही. काळ्याची राखाडी झाली. पुन्हा फिरवले, तेव्हा दगडाचा मूळ रंग दिसू लागला. मध्ये तिने थांबून हात झटकला आणि पुन्हा सुरुवात केली. वेळ लागला. पण सांध्यातला एक कणही उडाला नाही.

"वा!" दुकानदार म्हणाला. "अर्धी झालीच आहे मावशी, उरलेली पण करून टाका की!"

"उरलेली तुमची तुम्ही करा. यंत्र बांधून द्या."

ताईने शेवटचा प्रयत्न केला. तिने माझी बाही धरली आणि खालच्या आवाजात, जवळजवळ विनवणीने म्हणाली, "अरे, निदान एक माप मोठं तरी घे. पुढं उपयोगी पडेल."

"ताई," मी म्हणालो, "आता आम्ही वाढत नाही आहोत."

तिने बाही सोडली. काही क्षण ती माझ्याकडे असे पाहत राहिली, की जणू माझी उंची तिला प्रथमच दिसत होती.

गवंड्याकडून सांधे भरून घेतले, ते पक्के होऊ दिले, आणि मग एका सकाळी पत्नीने रबरी बूट घालून अंगण धुण्यास आरंभ केला. एक फरशी, मग विश्रांती. मग दुसरी फरशी. मी दारात उभा न राहता आत जाऊन पुस्तके शिवत बसलो. हे मला कठीण गेले, पण तिने मला तसे बजावले होते. थोड्या वेळाने ताई आली. मी तिला खुर्ची दिली. ती दाराच्या आत बसून पाहू लागली.

"तो कोपरा राहिला."

"राहू दे. उद्या करीन."

"वरची खोली मी रंगवून ठेवलीय," ताई म्हणाली.

"मग चांगला भाडेकरू बघा, वन्सं."

ताई हसली नाही, पण उठून गेलीही नाही. काही वेळाने तिने हात पुढे केला. "दे इकडे. चटकन उरकते."

"नको," पत्नी म्हणाली. तिने वळूनही पाहिले नाही.

मधली फरशी स्वच्छ झाली, तेवढ्यावर तिने यंत्र बंद केले. मोठा टब ओढून तेथे आणला, त्यात पाणी सोडले आणि पोस्टमनच्या खुर्चीसाठी आणलेल्या वेताची नवी गुंडाळी त्यात बुडवली. टब आधीच काठोकाठ होता. पाणी बाहेर आले आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवरून सावकाश पसरू लागले.

"अगं, अगं!" ताई खुर्चीवरून अर्धी उठली. "पुन्हा शेवाळ धरेल की!"

"धरेल," पत्नी म्हणाली. तिने बाही वर सारली आणि वर येऊ पाहणारा वेत डाव्या हाताने पाण्याखाली दाबून धरला. "धरू दे. पुन्हा धुवीन."