माझ्या कळांवरून बोललेले काका

मित्रांनो, बंद असलो की मी जाडसर पाकिटासारखा दिसतो. माझ्या चार घड्या उलगडल्या की मात्र कळांची अख्खी रांगोळी पसरते. मी घडीचा कीबोर्ड आहे, आता बराच जुना झालेला. माझ्या पाठीशी एक छोटा आधार आहे. त्यात तळहातावर मावणारा संगणक, म्हणजे पामटॉप, उभा राहायचा. माझी कळ दाबली की त्याच्या पडद्यावर अक्षर उमटायचं.

कारखान्यात माझ्या बिजागऱ्या पुन्हा पुन्हा उघडमीट करून तपासल्या गेल्या. टकटक करणं एवढंच आपलं काम, असं मला तेव्हा वाटे.

मला एका भाच्याने आपल्या मामासाठी विकत घेतलं. मामा बसस्थानकावर निवेदक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, हे ते खणखणीत आवाजात सांगत. सगळे त्यांना लाडाने 'भोंगाकाका' म्हणत. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला.

भाच्याने मला रुग्णालयात त्यांच्या पुढ्यात उलगडलं, तर काकांनी तोंडच फिरवलं. कितीतरी दिवस त्यांनी मला बोट लावलं नाही. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक ट्रकचालक होता. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "काका, काहीतरी लिहा हो! त्या पंख्याकडे बघून बघून आता मीच गरगरायला लागलोय."

काकांची बोटं हळूच माझ्यावर आली. ट्रकचालकाने वाकून पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "आधी तुझं घोरणं थांबव!"

सगळी खोली खो खो हसली. मी थक्क झालो. माझ्या बारीकशा टकटकीतून एवढं हसू निघतं?

त्यानंतर काका लिहू लागले, पण लोकांना धीर नव्हता. 'पाणी' एवढं लिहिलं की कुणीतरी पेला पुढे करायचं. त्यांना लिहायचं असायचं, 'पाणी नको.'

एका दुपारी काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून ट्रकचालकच वाचून दाखवत होता. काकांनी लिहिलं, 'पोटरी दुखते.'

"पडून पडून आखडली असेल. तेल लावून चोळून देते," म्हणत काकू उठल्या.

काकांनी हात वर केला. मग ते पुन्हा लिहू लागले. त्यांची बोटं चुकत होती, मागे जाऊन दुरुस्त करत होती.

"काकू, थांबा," ट्रकचालक म्हणाला. "अजून संपलं नाही त्यांचं."

एकेक अक्षर उमटत गेलं. मग तो ओरडलाच, "सिस्टर! लवकर या! 'पोटरी सुजली आहे, छातीत दुखतं, श्वास पुरत नाही' म्हणतायत!"

सिस्टर धावत आल्या, पाठोपाठ डॉक्टर. पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा एक तुकडा फुप्फुसापर्यंत गेला होता. तातडीने उपचार सुरू झाले. "वेळेवर कळलं," डॉक्टर म्हणाले.

मी तिथेच पांघरुणावर उघडा पडून होतो. एका माणसाचा जीव माझ्या कळांवरून चालत परत आला होता, मित्रांनो! हातभर लांबीचा मी, आणि माझ्यावरून केवढं मोठं काहीतरी गेलं! आजही आठवलं की माझ्या बिजागऱ्या शहारतात.

काका सावरले तेव्हा त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. ट्रकचालकाने वाचायला मान वळवली आणि लगेच परत फिरवली.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"हे तुम्हीच वाचा, काकू. चष्मा लावून."

काकूंनी चष्मा लावला. त्यांना वाचायची सवय कमी. ओठ हलवत, बोट फिरवत त्या वाचू लागल्या, 'घाबरलीस ना? मीपण घाबरलो होतो. तुझा हात सोडायचा नव्हता.' त्यांचं वाचून होईपर्यंत खोलीत कुणीही हललं नाही.

आता तो पामटॉप बंद पडलाय आणि काका नव्या फोनवर लिहितात. मी कपाटात असतो. माझ्या दोन कळा रुसल्या आहेत. कधी कुणी माझ्यावरची धूळ पुसली तर बरं वाटतं. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. कुणी सावकाश लिहीत असेल, अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करून टाकू नका. जरा थांबा. त्याला काय सांगायचंय, ते अजून यायचं असतं.