पूल आला, सरक बाजूला!

मित्रांनो, माझा गंज बघून नाकं मुरडू नका. मी जुना पिकअप ट्रक आहे खरा, पण माझ्याइतक्या वेळा राज्याची हद्द ओलांडलेला दुसरा ट्रक अख्ख्या नेब्रास्कात दाखवा, मी हॉर्न देणं सोडून देईन.

मिशिगनच्या कारखान्यात मी जन्मलो. तेव्हा माझा निळा रंग असा झळके की लोक वळून बघत. पुढे मला एमेट सुतारानं घेतलं. त्याचा जोडीदार लायल, बेकरीवाला. दोघंही साठीचे. नदीपलीकडच्या आयोवात त्यांनी रीतसर लग्न केलं, वऱ्हाड मीच वाहिलं. पण घर नदीच्या अलीकडे, नेब्रास्कात, आणि इथल्या कायद्याला दोन पुरुषांचं लग्न मान्य नव्हतं; इथं लायल म्हणजे एमेटच्या घरातला नुसता भाडेकरू. मधे एवढासा पूल, त्याच्या मध्यावर दोन राज्यांची हद्द!

मग त्यांनी एक रीतच पाडली. माझी पुढची सीट म्हणजे सलग बाकडं. आयोवाकडे जाताना पुलाचा मध्य आला की एमेट हॉर्न वाजवायचा. "या नवरोबा!" की लायल सरकून त्याला चिकटायचा. परत येताना पुन्हा हॉर्न. "चला भाडेकरू, पूल आला, सरका बाजूला!" की लायल खिडकीशी. या सरकासरकीत माझी सीट घासून गुळगुळीत झाली. दोघं हसायचे, पण कधी कधी खिडकीशी गेलेला लायल घर येईपर्यंत काचेला डोकं टेकून बाहेरच बघत राहायचा. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी लायलला मूतखड्याची कळ आली. भट्टीतले पाव तसेच टाकून तो गुरासारखा ओरडू लागला. इस्पितळ गल्लीच्या तोंडाशीच होतं. पण मागल्या खेपेला तिथं "घरचं कुणी आहे का?" म्हणत एमेटला बाहेर बसवलं होतं, आणि सुईला घाबरणारा लायल आत एकटाच रडला होता.

"पुलापलीकडे चल," लायल कण्हला. "मरायचंच तर नवरा म्हणून मरेन, भाडेकरू म्हणून नाही!"

"मूतखड्यानं कुणी मरत नाही, येड्या!" म्हणत एमेटनं मला पिटाळलं.

माझं ऑइल कित्येक दिवसांत कुणी बदललं नव्हतं. ऐन पुलाच्या मध्यावर मी धापा टाकत बंद पडलो. गस्तीचा पोलीस आला. आतला आरडाओरडा ऐकून म्हणाला, "हे तुमचे कोण?"

"पुढची चाकं आयोवात असतील तर नवरा, साहेब. नसतील तर भाडेकरू."

पोलिसानं खरंच वाकून चाकं बघितली. "मग ढकलू या थोडं," म्हणाला, आणि मला खांदा लावला. उतारावर मी धडधडत चालू झालो. त्या दिवशी आयोवाच्या इस्पितळात सुई टोचताना लायलचा हात एमेटच्याच हातात होता. पेट्रोलपंपावर भेटेल त्याला एमेट हे सांगत सुटला.

पुढे अशा लग्नांसाठी साऱ्या देशाला एकच कायदा झाला. माझ्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा आम्ही आयोवातून परतत होतो. पुलाचा मध्य आला. सवयीनं एमेटनं हॉर्न वाजवला आणि सवयीनं लायल सरकू लागला.

"कुठं निघालास?"

"पूल आला ना."

"आला तर येऊ दे. बस इथंच."

लायल बसला. डोळे पुसत म्हणाला, "आता याचं ऑइल बदल रे."

मित्रांनो, आता मी परसात उभा असतो, टपावर कोंबड्या बसतात. माझं एवढं ऐका. जुन्या गाडीचं ऑइल वेळेवर बदला. आणि गाडीत दोघं जवळजवळ बसले असतील, तर त्यांना सरकायला लावू नका.